गामाकात्सू ऑक्टोपस सर्कल गळ: जिवंत शायनरसाठी

फ्लोरिडातल्या ओकीचोबीसारख्या गवताळ तळ्यात लार्जमाउथ बास माशासाठी जिवंत गोल्डन शायनर (आमिषाचा छोटा मासा) लावायचा, तर गामाकात्सू कंपनीचा हा आत वळलेल्या टोकाचा गळ घ्यावा. ६ इंची आमिषाला ४/० मापाचा पुरतो; ८ इंचीला ५/० बरा, नाहीतर टोकाला बासच्या जबड्यात रुतायला जागाच उरत नाही. खालच्या ओठातून वर ओवा, शायनर तरतरीत राहतो.

ओढ लागली की हिसका मात्र द्यायचा नाही. सवयीने हात वर जातोच, आणि गळ रिकामा बाहेर! ढील संपू द्या, रीळ सावकाश गुंडाळा. टोक जबड्याच्या कोपऱ्यात वळून रुततं. मासा धडधाकट सोडता येतो. घेताना टोक दांड्याच्या सरळ रेषेत असलेलाच बघा, बाजूला तिरक्या टोकाचा घशात रुतू शकतो. दाट गवतात साधं तंगूस नको, ५० पौंडी ब्रेडच (विणलेली दोरी) लावा.