११ महिन्यांच्या वापरानंतर: डिशवॉशरमधले पाणी का उतरत नव्हते आणि दोष शेवटी कुठे निघाला

गेल्या भोगीच्या संध्याकाळी आमच्या डिशवॉशरचे दार उघडले, तेव्हा तळाच्या जाळीवर चार बोटे गढूळ पाणी उभे होते आणि त्यावर तीळ तरंगत होते. घरात सिद्धेश्वरांच्या यात्रेसाठी आलेले पाहुणे होते, ओट्यावर तीळ लावलेल्या बाजरीच्या भाकरीची परात आणि भोगीच्या भाजीची मोठी कढई पडली होती, आणि यंत्राच्या पडद्यावर निचरा होत नसल्याचा संकेत लुकलुकत होता. हे यंत्र आम्ही ऑगस्टमध्ये घेतले. भांडी धुण्याच्या बाबतीत त्याच्याविषयी माझी काहीही तक्रार नाही. तेलकट कढयासुद्धा ते चांगल्या काढते. निचऱ्याने मात्र आम्हाला दोनदा अडवले. दोन्ही वेळा बाहेरून दिसणारे लक्षण जवळपास सारखे होते, पण कारणे अगदी वेगळी होती. घरोघरी याच ठिकाणी गफलत होत असावी असे वाटल्यामुळे हा अनुभव सविस्तर लिहीत आहे.

भोगीच्या वेळचे कारण तसे सरळ होते. वीज बंद केली, मगाने आणि मग स्पंजाने पाणी उपसले आणि तळाची गाळणी घड्याळाच्या उलट दिशेने फिरवून बाहेर काढली. आमच्या यंत्रात तिचे तीन भाग आहेत: मोठ्या भोकांचा दंडगोल, त्याच्याभोवतीची अतिशय बारीक जाळी आणि खालची पोलादी चकती. बारीक जाळी उजेडासमोर धरली, तर पलीकडचे काही दिसेना. भोकांत तीळ अडकले होते आणि त्यांच्यावर शेंगाचटणीचा तेलकट थर थापल्यासारखा बसला होता. सोलापूरच्या घरात शेंगाचटणी रोजच्या पानात असते. ती उखळात कुटलेली असल्यामुळे तिचे कण बारीक आणि तेलाने माखलेले असतात, त्यामुळे ते पाण्याबरोबर वाहून न जाता जाळीला चिकटून राहतात. मऊ ब्रश, गरम पाणी आणि थोडा साबण एवढ्याने जाळी स्वच्छ झाली. तारेची घासणी वापरू नये, तिने जाळी फाटते.

एवढे करूनही पाणी उतरले नाही, म्हणून पंपापर्यंत जावे लागले. गाळणी काढल्यावर खालच्या खळग्यात एका बाजूला प्लास्टिकचे छोटे झाकण दिसते. ते चमच्याच्या टोकाने उचकटून निघते. त्याच्या आत निचऱ्याच्या पंपाची पंख्यासारखी चकती असते. तिथे बोट घालण्याआधी जाड हातमोजे घालावेत, कारण मला तिथे मिळाला तो काचेच्या पेल्याचा नखाएवढा तुकडा, आणि त्याला गुंडाळलेली कढीपत्त्याची एक काडी. तो तुकडा काढल्यावर चकती बोटाने फिरू लागली. ती सलग न फिरता टप्प्याटप्प्याने अडखळत फिरते, हे पाहून मी आधी घाबरले होते. मोटरीच्या आतल्या चुंबकामुळे ती तशीच फिरते, तो बिघाड नव्हे. झाकण परत बसवताना मात्र ते नीट खटका वाजेपर्यंत दाबावे. मी पहिल्यांदा ते अर्धवट बसवले होते आणि पंप नुसताच घुरघुरत राहिला.

आवाजावरून बरेच कळते, हे मी त्या रात्री शिकले. निचऱ्याच्या वेळी पंप नुसता घुं-घुं करतो आणि पाणी हलत नाही, तर चकतीत काहीतरी अडकले आहे असे समजावे. अजिबात आवाज नसेल, तर विजेचा किंवा पंपाचाच दोष असण्याची शक्यता जास्त, आणि तिथे घरच्यांनी हात घालू नये. पंप जोमाने चालल्याचा आवाज येतो आणि तरीही पाणी राहते, तर अडथळा पुढे आहे, म्हणजे बाहेर जाणाऱ्या पाइपात किंवा त्याच्याही पुढे.

मार्चमध्ये नेमके हेच तिसरे घडले, आणि मी तरीही सलग तीन दिवस गाळणीच घासत बसले. या वेळी पाणी उतरत होते, पण सगळे झाल्यावर पंधरा-वीस मिनिटांनी दार उघडले की तळाशी पुन्हा दोन बोटे पाणी जमलेले असे, आणि त्याला सिंकच्या मोरीसारखा वास येई. सेवा केंद्रातून आलेल्या माणसाने पाच मिनिटे पाहून पंप बदलावा लागेल आणि सुटा भाग यायला दहा-बारा दिवस लागतील असे सांगितले. त्याने पाइप कुठे जातो हे वाकून पाहिलेही नाही, याचे मला आजही वाईट वाटते.

दुसऱ्या दिवशी आमच्या सोसायटीचे प्लंबरदादा वरच्या मजल्यावर आले होते, त्यांना मी सहज विचारले. ते म्हणाले, "ताई, आधी ही नळी सिंकच्या लाइनमधून काढून बादलीत सोडू या. धार जोरात आली तर मशीन चांगली आहे, मग काम माझं. धार नाही आली तर काम त्यांचं."

आम्ही तसेच केले. पाइपाचे टोक सोडवून ओट्यावर ठेवलेल्या बादलीत धरले. ते जमिनीवरच्या बादलीत सोडू नये. टोक खाली गेले की पाणी आपल्या आपणच ओढले जाऊन निघते आणि पंपाच्या जोराची परीक्षा होत नाही. मग सुरू करण्याचे बटण तीन सेकंद दाबून ठेवले. आमच्या यंत्रात तसे केले की चालू कार्यक्रम रद्द होऊन फक्त निचरा होतो. धार इतकी जोरात आली की सासूबाईंनी बादली दोन्ही हातांनी धरली. मिनिटाभरात तीनेक लिटर पाणी निघाले आणि तळ कोरडा झाला. पंप ठणठणीत होता.

मग सिंकखालचा बॉटल ट्रॅप, म्हणजे मोरीचा वास वर येऊ नये म्हणून थोडे पाणी अडवून ठेवणारा बाटलीसारखा भाग, उघडला. त्याच्या वाटीत राखाडी रंगाचा, भिंतीच्या पुट्टीसारखा मऊ आणि चिकट गोळा होता. बोटाने दाबला की आत कुटाचे कण लागत. त्याच्या पुढच्या वळ्या-वळ्यांच्या लवचिक पाइपातही प्रत्येक वळीत तोच थर होता. पाण्यातले कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साबणाशी आणि तेल-तुपाच्या आम्लांशी संयोग पावून न विरघळणारा चिकट साका तयार करतात, आणि पाणी जितके जड तितका तो जास्त. आमच्या जुळे सोलापूरच्या भागात उजनीचे पाणी काही दिवसांआड येते; मधल्या दिवसांत बोअर चालवावी लागते आणि तिचे पाणी फार जड आहे. त्यामुळे एरवी वर्षानुवर्षे चालणारा ट्रॅप आमच्याकडे सात महिन्यांत तुंबला. यंत्र पाणी जोरात ढकलत होते, पुढे वाट नव्हती, म्हणून ते सिंकच्या भोकाकडे चढे आणि निचरा थांबला की उलट यंत्रात येई.

ते उलट येण्याचे आणखी एक कारण होते, आणि ते पहिल्या दिवसापासूनचे होते. यंत्र बसवणाऱ्याने निचऱ्याचा पाइप कपाटाच्या तळावरून सरळ नेऊन ट्रॅपच्या तोंडाला जोडला होता. पुस्तिकेतल्या चित्रात मात्र हा पाइप आधी ओट्याच्या पाट्यापर्यंत वर नेऊन, तिथे अडकवून, मग खाली आणलेला स्पष्ट दाखवला आहे. ही कमान असली की सिंकचे पाणी एवढे चढून यंत्रात येऊ शकत नाही. आमच्याकडे कमान नव्हती, आणि शिवाय लांबी पुरेना म्हणून मध्ये एक तुकडा जोडला होता. त्या जोडाच्या आतल्या कडेवरही कूट साठले होते.

दुरुस्ती दोन तासांत झाली. वळ्यांचा पाइप काढून आतून गुळगुळीत असलेला पीव्हीसी पाइप घातला, जोड काढून अखंड लांबीचा ड्रेन पाइप आणला आणि तो क्लॅम्पने ग्रॅनाइटच्या खालच्या बाजूला उंच बांधला. मग सिंकला बूच लावून ते काठोकाठ भरले, एकदम सोडले आणि यंत्राचे दार उघडून पाहिले. तळाशी एक थेंबही आला नाही. ही परीक्षा नवीन यंत्र बसवून घेतानाच, बसवणारा माणूस घरात असतानाच करून घ्यावी, असे मी आता प्रत्येक ओळखीच्या घरी सांगते.

दोन गोष्टी दोष नसताना दोष वाटतात. गाळणीच्या खालच्या खळग्यात थोडे स्वच्छ पाणी नेहमी राहते. ते राहायलाच हवे, त्याने तिथली रबराची सीले ओली राहतात. दुसरी गोष्ट फेसाची. एकदा कामाच्या मावशींनी चांगल्या हेतूने भांडी आधी साबणाच्या वडीने घासून, नीट न विसळता यंत्रात लावली. आत एवढा फेस झाला की पंपाला पाण्याऐवजी हवाच मिळू लागली आणि पुन्हा निचऱ्याचा संकेत आला. थंड पाणी ओतून फेस बसवला आणि दोनदा निचरा केला, तेव्हा ते मिटले.

जड पाणी मऊ करण्यासाठी यंत्रात असलेला मिठाचा कप्पा आम्ही सुरुवातीला हलगर्जीपणाने घेतला होता. यंत्र मधल्या जडपणावर लावलेले होते. तपासणीच्या पट्टीवर बोअरच्या पाण्याचा रंग शेवटच्या खुणेपर्यंत गेल्यावर आम्ही ते सर्वांत वरच्या पातळीवर नेले. मीठ आता लवकर संपते, पण गाळणीवर आणि फवाऱ्यांच्या भोकांवर येणारी पांढरी खपली जवळजवळ थांबली.

आता घरात ताटे विसळत नाहीत, पण निपटून ठेवतात. चटणीची वाटी मात्र आधी कागदाने पुसली जाते, आणि हे काम सासूबाईंनी स्वतःकडे घेतले आहे. गाळणी दर रविवारी निघते, ट्रॅपची वाटी महिन्यातून एकदा. मार्चपासून आज जुलैपर्यंत निचऱ्याचा संकेत त्या फेसाच्या दिवसाखेरीज आलेला नाही. मागच्या रविवारी बारीक जाळीच्या कडेला तिळाएवढी चीर दिसली. पंपापर्यंत कण पोहोचायला तेवढी वाट पुरते, म्हणून नवी जाळी मागवली आहे आणि ती येईपर्यंत शेंगाचटणीच्या वाट्या हातानेच धुवायच्या असे ठरले आहे.