परदेशातून सोलापूरच्या एमबीए बॅचेस जोडताना: फॉर्म, शीट, कम्युनिटी, लिंक्डइन (काही महिन्यांच्या वापरानंतर)

सोलापुरात एमबीए करून दुबई, लंडन, सिंगापूर, न्यू जर्सीला पांगलेल्यांना एकत्र आणायला विकतचं ॲल्युम्नाय (माजी विद्यार्थ्यांचं) सॉफ्टवेअर लागत नाही. गूगल फॉर्म, शीट, व्हॉट्सॲप कम्युनिटी (एका छत्राखाली अनेक ग्रुप), लिंक्डइन आणि झूम, एवढ्या फुकटच्या सामानावर दोन-चारशे माणसांचं काम निभतं. आमचं मत आधीच सांगतो: आधी शीट धड करा, ग्रुप नंतर.

माणसं शोधायला लिंक्डइन. कॉलेजच्या पानावर ‘ॲल्युम्नाय’ टॅब असतो. शहर, कंपनी, कामाचं क्षेत्र, वर्ष लावून चाळता येतो. गोम अशी की एकाच कॉलेजची मुलं तीन विद्यापीठांच्या नावांखाली सापडतात. सोलापूर विद्यापीठ १ ऑगस्ट २००४ ला सुरू झालं. त्याआधीच्या पदव्या कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाच्या. २०१९ मध्ये ते पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठ झालं. ज्याने प्रोफाइलमध्ये जे नाव टाकलं तिथेच तो दिसणार, आणि कॉलेजचं नाव नुसतं हाताने टाइप केलं असेल तर कॉलेजच्या टॅबमध्ये येणारच नाही. म्हणून तिन्ही नावांनी शोधा. फुकटच्या खात्यावर महिन्याला शोधायची मर्यादा आहे, ती संपली की एक तारखेपर्यंत थांबा. रिक्वेस्टसोबत चिठ्ठी लिहायच्या संधीही मोजक्याच मिळतात. त्या जुन्या बॅचेससाठी राखून ठेवा, नवी मुलं चिठ्ठीशिवायही रिक्वेस्ट घेतात.

आता फॉर्म, खरी मेहनत इथेच. नाव दोनदा विचारा: मार्कलिस्टवरचं आणि आताचं. लग्नानंतर आडनाव बदललेल्या मुली आणि पासपोर्टवर वडिलांचं नाव आडनाव म्हणून चढलेली मंडळी, दोन्ही बॅचमेट्सना ओळखू येत नाहीत. बॅच ‘२००८-१०’ अशी लिहू देऊ नका. शीट त्याची ऑक्टोबर २००८ अशी तारीख करून टाकते. पास झाल्याचं एकच चार आकडी वर्ष ड्रॉपडाउनमधून निवडायला द्या. फोनचा कॉलम आधीच ‘प्लेन टेक्स्ट’ करा, नाहीतर हाताने टाकलेल्या नंबरचा सुरुवातीचा + गळतो आणि दुबईचा नंबर कुठला हेच कळत नाही. फोटो अपलोडचा प्रश्न ठेवू नका; त्यासाठी गूगलमध्ये लॉगिन करावं लागतं आणि माणूस तिथेच फॉर्म सोडतो.

माणसाची ओळख फोनने नको, ईमेलने ठेवा, तीही ऑफिसच्या नव्हे, घरच्या. परदेशात गेल्यावर भारतातलं सिम रिचार्जविना बंद पडतं, कालांतराने तोच नंबर दुसऱ्याला मिळतो. नोकरी बदलली की ऑफिसचा ईमेल जातो.

शीट ‘लिंक असलेला कोणीही’ अशी उघडी ठेवलीत तर एजंटांचे फोन सुरू झालेच म्हणून समजा. कॉलम लपवून भागत नाही. पाहणारा शीटची कॉपी काढून तो उघडू शकतो. शेअरिंगच्या सेटिंगमध्ये डाउनलोड, प्रिंट, कॉपीची खूण काढा. त्याहून बरं, सगळ्यांना द्यायची यादी वेगळी फाइल करा: नाव, वर्ष, शहर, क्षेत्र. नंबर मूळ फाइलमध्ये, ती दोन-तीन जणांकडेच.

व्हॉट्सॲप कम्युनिटीत एक फायदा मोठा: घोषणांच्या ग्रुपमध्ये सदस्यांना एकमेकांचे नंबर दिसत नाहीत आणि लिहितात फक्त ॲडमिन. खालच्या शहरवार ग्रुपमध्ये मात्र नंबर दिसतात, हे आधी सांगावं. ग्रुप बॅचवार नको, शहरवार करा. बॅचचे ग्रुप आधीच असतात आणि तिथे सुप्रभातच चालतं. ब्रॉडकास्ट लिस्टच्या (एकच मेसेज अनेकांना वेगवेगळा पाठवायची सोय) नादी लागू नका. ज्याने तुमचा नंबर सेव्ह केलेला नाही त्याला मेसेज पोहोचतच नाही.

मीटिंग झूमवर. यूएईत व्हॉट्सॲपचा मेसेज जातो पण कॉल अडवलेला असतो. फुकटच्या झूमला ४० मिनिटं मिळतात, ती पुरतात. लांबलं तर लोक उठून जातातच. वेळ रविवारी भारतात संध्याकाळी साडेसात. तेव्हा दुबईत सहा, सिंगापूरला रात्रीचे दहा, लंडनला दुपारी, हिवाळ्यात दोन आणि उन्हाळ्यात तीन, न्यूयॉर्कला सकाळचे नऊ किंवा दहा. सिडनीवाल्यांना मध्यरात्र होते, त्यांना रेकॉर्डिंग पाठवावं. मार्चमध्ये घोळ हमखास: अमेरिकेची घड्याळं दुसऱ्या रविवारी पुढे जातात, ब्रिटनची शेवटच्या. आमंत्रणात भारताची वेळच लिहावी आणि कॅलेंडरची लिंक द्यावी. सौदीत रविवार कामाचा असतो, तेवढं लक्षात असू द्या.

प्रत्यक्ष भेट गड्ड्यात, म्हणजे संक्रांतीच्या सिद्धेश्वर यात्रेत, ठेवायचा मोह सगळ्यांना होतो. पण नंदीध्वजांच्या मिरवणुकीत गावातले रस्ते बंद असतात, आणि नाताळच्या सुट्टीला आलेले संक्रांतीपर्यंत परत गेलेले असतात. डिसेंबरचा शेवटचा आठवडा बरा.

कॉलेजकडून जुनी यादी मिळते, पण बहुधा नॅकची (कॉलेजांना मानांकन देणाऱ्या संस्थेची) तपासणी जवळ आली की. त्या निकषांत माजी विद्यार्थ्यांचा सहभाग मोजतात, म्हणून तेव्हा ऑफिस उत्साहात असतं. मागायची ती यादी तेव्हाच मागा, रोल नंबरसकट.

शिष्यवृत्तीसाठी पैसे गोळा करणार असाल तर शीटमध्ये आणखी एक रकाना हवा: पासपोर्ट कुठला. भारतीय पासपोर्टवर परदेशात राहणाऱ्याने बँकेमार्फत दिलेली देणगी परकीय ठरत नाही. अमेरिकेचं नागरिकत्व घेतलेल्याची ठरते, ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या मूळ भारतीयांना मिळणारं) असलं तरी. ती घ्यायला संस्थेकडे एफसीआरए (परकीय देणग्यांच्या कायद्याखालची) नोंदणी आणि स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतलं खातं लागतं. ते नसेल तर अशांकडून पैसे घेऊच नका. त्यांच्याकडून मुलांसाठी मॉक इंटरव्ह्यू घ्या, त्याला नोंदणी लागत नाही.