फेरस, टायटॅनस की क्रोमस? क्षपणक आयन निवडताना

ठाणे-बेलापूर पट्ट्यातील लहान चाचणी प्रयोगशाळेत किंवा ठाण्यातल्या एखाद्या महाविद्यालयात कोणत्या संक्रामक धातूचा आयन क्षपणक, म्हणजे समोरच्या पदार्थाला इलेक्ट्रॉन देणारा, म्हणून ठेवावा, असा प्रश्न निघाला की प्रथम प्रमाण क्षपण विभवांचा, म्हणजे इलेक्ट्रॉन घेण्याच्या ओढीच्या मोजमापांचा, तक्ता उघडला जातो. त्यात ३+/२+ या जोडीचे विभव क्रोमियमसाठी −०.४१ व्होल्ट, व्हॅनेडियमसाठी −०.२६ आणि लोहासाठी +०.७७ दिलेले असते. मँगनीज सुमारे +१.५ वर आणि कोबाल्ट त्याच्याही पुढे आहे. विभव जितके ऋण, तितका २+ आयन अधिक प्रबळ क्षपणक; त्यामुळे शेवटचे दोन आयन, निदान पाण्यातील साध्या रूपात, या निवडीत येतच नाहीत.

क्रोमस (क्रोमियम २+) आणि फेरस (लोह २+) यांच्यातील फरकाचे कारण मात्र बारकाईने पाहण्यासारखे आहे, कारण ‘अर्धे भरलेले कक्षक स्थिर असतात’ हे पाठ केलेले वाक्य येथे उलटेच उत्तर देते. इलेक्ट्रॉन गमावून डी-५ विन्यास, म्हणजे पाचही डी-कक्षकांत एकेक इलेक्ट्रॉन, मिळतो तो फेरसला. मग तोच प्रबळ क्षपणक ठरायला हवा. तिसरी आयनन ऊर्जाही, म्हणजे २+ आयनातून आणखी एक इलेक्ट्रॉन काढायला लागणारी ऊर्जा, क्रोमियमची २९८७ व लोहाची २९५७ किलोज्यूल प्रति मोल, म्हणजे जवळपास सारखीच, किंबहुना लोहाला किंचित अनुकूल आहे. चित्र पालटते ते पाण्यात. भोवतीच्या सहा जलरेणूंच्या क्षेत्रामुळे डी-कक्षकांचे दोन स्तर पडतात. क्रोमसचा चौथा इलेक्ट्रॉन वरच्या स्तरात असतो आणि तो गेला की खालचे तीन कक्षक प्रत्येकी एका इलेक्ट्रॉनने भरलेले, म्हणजे अतिशय स्थिर स्थितीत उरतात. फेरसचा इलेक्ट्रॉन खालच्याच स्तरातून जातो आणि जाताना जलरेणूंच्या या क्षेत्रामुळे (स्फटिक क्षेत्रामुळे) मिळालेली स्थिरताही संपते. दोन जोड्यांतील १.१८ व्होल्टचे अंतर म्हणजे सुमारे ११४ किलोज्यूल प्रति मोल.

तरीही प्रबळ म्हणून क्रोमस घ्यावा, असे मी सुचवणार नाही. क्रोमिक (क्रोमियम ३+) क्षाराच्या हिरव्या द्रावणात जस्त आणि हायड्रोक्लोरिक आम्ल घातले की ते आकाशी निळे होते. बूच सैल राहिले तर हवेतील ऑक्सिजन तो निळा रंग पाहता पाहता पुन्हा हिरवा करतो. नायट्रोजनचे आवरण आणि प्रत्येक वेळी नव्याने प्रमाणीकरण, हा व्याप रोजच्या तपासणीला परवडत नाही. व्हॅनेडियमचा जांभळा २+ आयनही हवेपुढे टिकत नाही.

रंगद्रव्यांच्या तपासणीसाठी टायटॅनस, म्हणजे टायटॅनियम ३+, हा खरा पर्याय आहे. त्याचे विभव आम्लात सुमारे +०.१ व्होल्ट आहे. अ‍ॅझो गट चार, तर नायट्रो गट सहा इलेक्ट्रॉन घेतो, आणि दोन्हींचे क्षपण टायटॅनसने करता येते. उरलेल्या टायटॅनसचे फेरिक (लोह ३+) अलमने टायट्रेशन केले की दर्शक म्हणून घातलेल्या थायोसायनेटचा लाल रंग अंतिम बिंदू दाखवतो. या आयनाची ताकद पीएचवर अवलंबून असते: पीएच एका एककाने वाढला की विभव सुमारे ०.१२ व्होल्टने उतरते, म्हणजे क्षपणशक्ती वाढते. हवेपासून मात्र यालाही जपावेच लागते.

बाकी बहुतेक कामांना फेरस पुरतो. परमँगनेट किंवा डायक्रोमेटसमोर त्याच्याहून प्रबळ क्षपणकाची गरजच नाही. सीओडीच्या, म्हणजे सांडपाण्याच्या रासायनिक ऑक्सिजन मागणीच्या, तपासणीत उरलेले डायक्रोमेटही फेरस अमोनियम सल्फेटनेच मोजतात. आपल्याकडील पावसाळी दमट हवेत साध्या हिराकसापेक्षा (फेरस सल्फेटपेक्षा) मोहरचे क्षार, म्हणजे हेच फेरस अमोनियम सल्फेट, घेणे बरे, कारण ते सहजासहजी तांबूस पडत नाहीत, आणि द्रावण गंधकाम्लात ठेवले की ऑक्सिडीकरण बरेच मंदावते. फेरसला दुर्बळ म्हणताना माध्यमही सांगायला हवे, कारण आम्लारिधर्मी द्रावणात त्याच्या हायड्रॉक्साइड जोडीचे विभव −०.५६ व्होल्टपर्यंत खाली येते.

क्रोम प्लेटिंगच्या सांडपाण्यासाठी हिराकस वापरायचे असेल, तर अडचण ताकदीची नसून गाळाची आहे. एका षट्संयुज क्रोमियम अणूमागे तीन फेरस आयन लागतात, म्हणजे एक ग्रॅम क्रोमियमला सुमारे १६ ग्रॅम हिराकस. नंतर पीएच वाढवला की क्रोमियमच्या हायड्रॉक्साइडबरोबर तिप्पट मोल फेरिक हायड्रॉक्साइडही खाली बसते, आणि त्याच्या विल्हेवाटीचा खर्च हिराकसाच्या किमतीत धरूनच हिशेब करावा.