द्युफीच्या नक्षीचं रेशीम: दहा महिन्यांनंतर

फ्रेंच चित्रकार राऊल द्युफीच्या नक्षीचं रेशमी कापड घरात येऊन दहा महिने झाले. त्यातून एक पडदा, एका खुर्चीचं गादीकाम आणि दोन उशांचे अभ्रे करून घेतले. पहिल्याच आठवड्यात लिहिलं असतं तर नुसतं कौतुक झालं असतं, म्हणून थांबले.

कापड शंभर वर्षांपूर्वीचं नाही. जुनी नक्षी, पण आत्ताच्या जकार्ड मागावर, म्हणजे नक्षी थेट विणीतच उमटवणाऱ्या मागावर विणलेली. दोनच रंग: काळा ताणा (उभे धागे), हस्तिदंती बाणा (आडवे धागे). काळ्या जमिनीवर तळहाताहून मोठी पानं आणि त्यांच्यात घुसलेली फुलं. चित्रकाराची नक्षी म्हटल्यावर मला वाटलं होतं, कॅनव्हासवरचं काहीतरी कापडावर आणून ठेवलं असेल. तसं अजिबात नाही, आणि याचं कारण द्युफी मागाकडे ज्या वाटेनं आला त्यात आहे. कवी अपोलिनेरच्या कवितांसाठी त्यानं लाकडात चित्रं कोरली, ती १९११ साली छापली गेली. त्याच वर्षी फॅशनकार पॉल प्वारेच्या मदतीनं त्यानं पॅरिसमध्ये छोटा कारखाना काढून लाकडी ठशांनी कापड छापायला घेतलं. पुढच्या वर्षी फ्रान्समधल्याच लिऑन शहराच्या बियांकिनी-फेरिये या रेशीम कंपनीनं त्याच्याशी करार केला आणि १९२८ पर्यंत तो त्यांच्यासाठी नक्ष्या काढत राहिला.

लाकडात मधली छटा नसते. लाकूड ठेवायचं किंवा कोरून काढायचं. माझं कापड दमास्क, म्हणजे विणीतूनच नक्षी उठणारं; दोन रंगांच्या दमास्कचं गणित तेच: या जागी ताणा वर की बाणा वर? चित्र आधी चौकटींच्या कागदावर उतरवतात, आणि प्रत्येक चौकटीला या प्रश्नाचं उत्तर द्यावं लागतं. हलक्या हातानं रंगवलेलं चित्र तिथे चिंध्या होऊन बाहेर पडेल. द्युफीची जाड, खडबडीत रेघ मात्र शाबूत राहते. पानांच्या कडा जवळून पाहिल्या तर पायऱ्यापायऱ्यांच्या आहेत. चार पावलं मागे गेलं की कोरल्यासारख्या दिसतात.

अस्तर लावायच्या आधी पडदा आठवडाभर तसाच टांगला होता. उलट्या बाजूला हस्तिदंती जमिनीवर काळी पानं! ती बाजू मला जास्त आवडली, पण आता ती कायमची झाकली गेली.

अस्तराला पर्याय नव्हता, कारण ऊन रेशमाचा धागा कुजवतं. खिडकी पूर्वेची. अस्तर असूनही सहाव्या महिन्यात उन्हाकडच्या कडेचा काळा रंग तपकिरीकडे झुकलेला दिसला, तेव्हा पडदा काढून आतल्या दारावर लावला. तिथे तो खरा खुलतो. चुण्यांमध्ये पानं दुमडतात, दिव्याच्या तिरप्या उजेडात कधी काळं चमकतं, कधी पांढरं.

खुर्ची मात्र चुकली. नक्षी दर ६४ सेंटिमीटरला पुन्हा सुरू होते आणि खुर्चीची बैठक त्याहून लहान. कारागिरानं कापड वाचवायला फूल बरोबर मध्यावर कापलं. पाठीवर देठ, बैठकीवर नुसत्या पाकळ्या. कापायच्या आधी मी समोर उभी राहायला हवं होतं. (नक्षी जुळवायची तर मापापेक्षा बरंच जास्त कापड लागतं, हे ऑर्डर देण्याआधी कुणीच सांगत नाही.) शिवाय या कापडाची वीण साटिनची, आणि साटिन विणीत धागे बराच पल्ला मोकळे पसरलेले असतात. चमक त्यांच्यामुळेच, आणि अडकतातही तेच. जीन्सच्या एका बटणानं चौथ्या महिन्यात तीन धागे ओढले. जिथे रोज बसणं होतं तिथला हस्तिदंती बाणा झिजून खालचा काळा ताणा डोकावू लागला, पान राखेत लोळल्यासारखं दिसायला लागलं. बैठकीला आता जाड लोकरी कापड लावलंय, रेशीम फक्त पाठीवर ठेवलंय.

अभ्रे ठीक. एकावर पाण्याचा थेंब पडला, पुसला, तरी गोल कडा राहिली. ड्रायक्लीनिंगनंही ती गेली नाही. उशी उलटी करून ठेवते.

पुन्हा घेईन का? पडद्यासाठी लगेच, तेही उन्हापासून दूर आणि दुप्पट चुण्या घालून. खुर्चीसाठी नाही. साधारण एक मीटर तुकडा उरलाय. तो शिवायचा नाही, आतली बाजू पुढे करून भिंतीवर टांगायचा, एवढं ठरलंय.