ब्लू व्हेल्वेट : हिरवळीखालचा अंधार

जुळे सोलापुरातील एका स्नेह्यांच्या घरी पडदा लावून आम्ही काही रसिकांनी दिग्दर्शक डेव्हिड लिंच यांचा १९८६ सालचा ‘ब्लू व्हेल्वेट’ हा चित्रपट पाहिला. लाकडाच्या व्यवसायावर उभ्या असलेल्या लम्बरटन या अमेरिकी गावात निळे आकाश, पांढरे कुंपण आणि लाल गुलाब दिसतात. हिरवळीला पाणी घालणारा गृहस्थ अचानक कोसळतो आणि कॅमेरा गवतात शिरत थेट किड्यांच्या वळवळीपर्यंत पोहोचतो, तेव्हा ॲलन स्प्लेट यांच्या ध्वनिरचनेतील ती कुरतड पुढच्या साऱ्या कथेची चाहूल देते. त्याच गृहस्थाच्या मुलाला, जेफ्रीला, माळावर कापलेला कान सापडतो, आणि पुढे त्याचा छडा लावताना गायिका डोरोथीच्या घरातील कपाटात लपून तो जे पाहतो, ते पाहताना प्रेक्षकही त्याच्या अपराधात सामील होतो. हा प्रसंग मला संपूर्ण चित्रपटाचा गाभा वाटतो. इझाबेला रोसेलिनी यांनी डोरोथीची भीती आणि अपमान कोणताही आडपडदा न ठेवता साकारला आहे. डेनिस हॉपर यांचा फ्रँक, म्हणजे डोरोथीचा छळ करणारा गुन्हेगार, तर अंगावर येतो. पोलीस तपासाचा धागा मात्र सैल विणलेला आहे. लैंगिक हिंसेची दृश्ये अतिशय कठोर असल्याने मुलांसोबत हा चित्रपट पाहू नये. प्रौढांनी तो उत्तम ध्वनियंत्रणेवरच पाहावा.