बिलात नवं फ्लायव्हील, गाडीत जुनंच

इंग्लंडात नोकरीला येऊन हौसेने जुनी माझदा एमएक्स-५ घेणारे आपले बरेच जण आहेत. हे खास त्यांच्यासाठी. क्लचच्या कामात गिअरबॉक्स परत चढला की आत काय बदललं ते मालकाला दिसत नाही. मला त्याच अंधारात लुटलं.

माझी गाडी १९९२ची, जपानहून आलेली. तिकडे ती यूनोस रोडस्टर म्हणून विकली जायची. इंजिन १.६ लिटरचं. पहिल्या गिअरमध्ये उठताना, त्यातही चढावर किंवा रिव्हर्स घेताना, अख्खी गाडी थरथरायची. क्लचवरचा पाय पूर्ण उचलला की शांत. क्लच घसरत मात्र नव्हता. घसरणाऱ्या क्लचमध्ये इंजिन ओरडतं आणि वेग वाढत नाही; थरथर फक्त क्लच पकडताना जाणवते. या दोन तक्रारी निराळ्या, आणि त्यांची सरमिसळ करणाऱ्या माणसापासून तिथेच सावध व्हावं.

गॅरेजवाल्याने गाडी लिफ्टवर घेतली, बेलहाउसिंगवरचा, म्हणजे क्लचभोवतीच्या कवचावरचा, तेलाचा ओघळ टॉर्च मारून दाखवला आणि म्हणाला, "रिअर मेन सील गेलंय, तेल क्लचवर उतरतंय. सील, क्लच किट, फ्लायव्हील, सगळंच बदलावं लागेल." रिअर मेन सील म्हणजे इंजिनाच्या मागच्या टोकाला तेल अडवणारी रिंग; फ्लायव्हील म्हणजे क्लच प्लेट जिच्यावर दाबली जाते ती इंजिनाची जड चकती. तेलकट क्लच खरोखरच थरथरतो, त्यामुळे निदान पटण्यासारखं होतं. बिल ९०० पौंडांच्या वर गेलं. त्यात नवं फ्लायव्हील आणि नवं सील वेगवेगळ्या ओळींवर लिहिलेलं.

काही आठवडे बरे गेले. मग तीच थरथर. परत गेलो तर आधी ऐकवलं, "नवी प्लेट बसायला वेळ लागतो." पुढच्या खेपेला, "तुम्ही पाय क्लचवर ठेवून चालवता." वर, "आमच्या कामानंतर गाडी एमओटी पास झाली की!" एमओटी म्हणजे इथली गाडीची सक्तीची वार्षिक तपासणी; तीत इंजिन, क्लच, गिअरबॉक्स यांची स्थिती तपासतच नाहीत. गॅरेज चालवणाऱ्याला हे ठाऊक नसेल, असं मला वाटत नाही.

शेवटी लेस्टरमधल्या एका वयस्कर गुजराती मेकॅनिककडे गेलो. त्यांनी आधी इंजिनाचे माउंट हलवून बघितले, कारण रबर गेलं तरी गाडी उठताना अशीच हिसके देते. ते ठीक निघाले. मग बॉनेट उघडून सिलिंडर हेडच्या मागच्या बाजूला बोट फिरवलं. बोट काळं. तिथे कॅम अँगल सेन्सर असतो, त्याची ओ-रिंग, म्हणजे तेल अडवणारं रबरी कडं, कडक झाली की तेल इंजिनाच्या पाठीवरून ओघळत थेट बेलहाउसिंगवर येतं. पहिल्या पिढीच्या एमएक्स-५चं हे जुनंच दुखणं, रिंग काही पौंडांची. सील गळत असतं तर बेलहाउसिंगच्या आतून, तळातून थेंब आले असते. माझी बाहेरून ओली होती. (तेलाला सडक्या अंड्यासारखा वास आला तर ते गिअरबॉक्सचं, म्हणजे प्रकरण आणखी वेगळं.)

गिअरबॉक्स उतरवला. क्लच प्लेट नवी, कोरडी. फ्लायव्हीलवर मात्र निळे-काळे डाग आणि केसासारख्या बारीक चिरा. तापून अशी जागा कडक होते, तिथे प्लेटची पकड बदलते. धर-सोड धर-सोड होत गाडी थरथरते. अशा पृष्ठभागावर नवीकोरी प्लेट बसवली तरी ती पुन्हा तेच करणार. काका म्हणाले, "भाई, आ तो जूनुं ज छे." म्हणजे फ्लायव्हील जुनंच.

पुरावा बोल्टांनी दिला. फ्लायव्हीलच्या बोल्टांच्या डोक्यांवर गंज तसाच, पाना लागल्याची एकही खूण नाही. आणि रिअर मेन सील फ्लायव्हीलच्या मागे असतं. फ्लायव्हील निघालंच नसेल तर सील बदलणार कुठून? एका गंजाने बिलातल्या दोन ओळी खोट्या ठरवल्या. काकांनी कापडही लागू दिलं नाही, आधी फोटो काढायला लावले, नंबरप्लेटसकट.

तुमचं काम देताना जुने भाग परत हवेत, असं जॉब शीटवर लिहून सही घ्या. जुनं फ्लायव्हील चांगलं जड लोखंड असतं, ते हातात आलं नाही तर पैसे देऊ नका. आणि पैसे क्रेडिट कार्डानेच द्या. १९७४च्या कन्झ्युमर क्रेडिट ॲक्टच्या कलम ७५ प्रमाणे १०० पौंडांहून जास्त आणि ३०,००० पौंडांपर्यंतच्या खरेदीत कार्ड कंपनीही जबाबदार असते. २०१५च्या कन्झ्युमर राइट्स ॲक्टचा आधार आहेच, पण गॅरेजला पत्र पाठवून मला उत्तरसुद्धा आलं नाही. कार्ड कंपनीने फोटो आणि काकांचा लेखी अहवाल मागवला, फ्लायव्हील आणि सीलचे पैसे परत केले. क्लच किट आणि गिअरबॉक्स उतरवण्याची मजुरी नाकारली, प्लेट खरोखर नवी होती म्हणून. दुसऱ्यांदा गिअरबॉक्स उतरवला त्याची मजुरी माझ्याच खिशातून गेली.