पोपडा उलटून पाहिला तेव्हा

गाडी आत घेताना पुढचं चाक वळवलं आणि खालून कौल फुटल्यासारखा आवाज आला. उतरून बघते तर दगडी फरशीसारखी दिसणारी आमची नवी जमीन तळहाताएवढी उखडली होती. तुकडा उचलला. वरून सुरेख. करडा रंग, कडांना काळपट छटा, हात फिरवला तर खरोखर दगड वाटावा. उलटा केला आणि पोटात खड्डा पडला. जुन्या काँक्रीटवर कधीकाळी झाडू ओढून काढलेल्या रेघा खालच्या बाजूला जशाच्या तशा उमटल्या होत्या, मधोमध गाडीच्या तेलाचा काळा डाग होता आणि बोट फिरवलं तर पिठासारखी धूळ बोटाला लागत होती.

नीट धरलेला थर उपटायला गेलं की तो खालच्या काँक्रीटचे कण सोबत ओढून आणतो. हा खपली निघावी तसा अलगद सुटला होता. काम होऊन जेमतेम सात महिने झाले होते.

गेटपासून पार्किंगपर्यंतचा पट्टा आणि मागचं अंगण, दोन्हीकडचं काँक्रीट वीसेक वर्षांचं. फोडून नवं करायचं तर राडारोडा, धूळ, महिनाभर गाडी बाहेर. त्यापेक्षा जुन्यावरच ओव्हरले करावा असं ठरलं. म्हणजे पॉलिमर (सिमेंटला पकड देणारं रसायन) मिसळलेल्या सिमेंटचा ६ ते १० मिलिमीटरचा थर द्यायचा आणि तो ओला असतानाच रबरी मॅट दाबून त्यावर दगडाची छाप उठवायची. पद्धतीला मी नावं ठेवत नाही. नीट केलं तर हे काम वर्षानुवर्षं टिकतं, आणि त्याच विश्वासावर तर मी फसले.

ठेकेदार आला तो नमुन्यांची पेटी घेऊन. फूटभर लांबीच्या दहा-बारा फळ्या, प्रत्येकीवर वेगळा दगड. "ताई, हातोडी मारून बघा." मी मारली. टवकासुद्धा उडाला नाही. मी खूश. तो नमुना कोऱ्या, स्वच्छ सिमेंटबोर्डवर केलेला होता, हे डोक्यातच आलं नाही. थर कडक आहे की नाही, हा प्रश्न नव्हताच. माझ्या तेलकट, जुन्या जमिनीला तो धरतो का, एवढंच बघायचं होतं आणि ते त्या पेटीत कुठेच नव्हतं.

बाबांनी मात्र नेमकं विचारलं. "इथं तेल सांडलंय, शिवाय पूर्वी एकदा पाणी अडवणाऱ्या सीलरच्या लेपाचा हात मारलाय. त्याचं काय करणार?"

"काका, आमचं ॲसिड सगळं खातं."

ॲसिड खातं ते फक्त सिमेंट. तेल आणि सीलर त्याला सिमेंटपर्यंत पोहोचूच देत नाहीत. पहिल्या दिवशी सकाळी माणसांनी ॲसिड शिंपडलं तेव्हा मी तिथेच उभी होते. बऱ्याच ठिकाणी फसफस फेस आला, गाडी उभी राहते तिथे आला नाही. मला वाटलं, तिथली जमीन चांगली असेल! मग पाइपनं वरवर पाणी मारलं, दुपारपर्यंत वाळू दिलं आणि लगेच थर टाकायला सुरुवात. घासायचं मशीन टेम्पोत होतं, ते खाली उतरलंच नाही. कोटेशनमध्ये 'सर्फेस प्रिपरेशन', म्हणजे जमिनीची पूर्वतयारी, एवढे दोनच शब्द लिहिले होते. त्यात काय काय येतं, हे विचारायचं मला सुचलं नाही आणि सांगायची त्याला गरज वाटली नाही. या कामातला खरा घाम तिथेच गळतो, म्हणून चोरीही तिथेच होते. वर सुंदर दगड पडल्यावर खाली काय केलं होतं ते कोण बघणार?

मालाचंही तेच. पॉलिमरचे कॅन मोजून दोन आले, बाकी बादलीनं पाणी. "पातळ असलं की छान पसरतं," असं मला समजावलं. छान पसरलंही. जास्तीचं पाणी उडून गेलं की थर कमजोर होतो आणि त्यावर बारीक जाळी पडते, ते महिन्याभरात दिसलं.

आता माझा स्वतःचा वाटा सांगते, कारण सगळा दोष त्याच्यावर ढकलणं बरोबर नाही. जुन्या काँक्रीटमध्ये ठरावीक अंतरावर सरळ खाचा होत्या. मीच म्हणाले, "दगडात या रेघा कशा दिसतील? बुजवून टाका ना."

"ताई, तुम्ही म्हणाल तसं."

काँक्रीट आकसतं. तडा जायचाच असेल तर तो या रेघेतच जावा, म्हणून खाचा मुद्दाम कापलेल्या असतात. ४ इंच जाडीच्या स्लॅबला साधारण ८ ते १२ फुटांवर. वरच्या थरातही त्याच जागी, त्याच रेषेत त्या पुन्हा कापाव्या लागतात. माझ्या बुजवलेल्या रेघा तीन महिन्यांत वर आल्या, त्याही वेड्यावाकड्या, छापलेला दगड मधोमध चिरत. खरा कारागीर अशा मागणीला तोंडावर नाही म्हणतो. याला पुन्हा माझ्या दारात यायचंच नव्हतं, हो म्हणायला त्याचं काय जात होतं?

पहिल्या मोठ्या पावसानंतर चकाकत्या सीलरखाली पांढुरके ढग दिसायला लागले. ओलावा सीलरखाली अडकला की असं होतं. त्याला बोलावलं तर आला, अगदी गोड बोलला आणि त्याच्यावरच सीलरचा आणखी एक जाड हात मारून गेला. ढग आणखी दाट झाले आणि वर पाणी पडलं की जमीन काचेसारखी निसरडी. बाबांचा पाय सरकला, खांब हाताशी होता म्हणून निभावलं. सीलरमध्ये पाय न घसरण्यासाठी बारीक रेती मिसळतात, हे तेव्हा समजलं.

पोकळ जागा सापडल्या त्याही बाबांमुळेच. संध्याकाळी मागच्या अंगणात फेऱ्या मारताना ते थांबले आणि काठी आपटत म्हणाले, "इथला आवाज ऐक." एका जागी टक्‌ टक्‌ असा भरीव, वीतभर पुढे डब्यासारखा. आम्ही दोघं अंधार पडेपर्यंत अंगण वाजवत बसलो. जवळजवळ तिसरा हिस्सा डबा होता.

मग वॉरंटीचा कागद काढला. पाच वर्षं, ठळक अक्षरांत. खाली बारीक अक्षरांत: वॉरंटी फक्त मालाची, मजुरीची नाही, मूळ जमिनीतले तडे, ओल आणि तेल यांमुळे झालेलं नुकसान वगळून. मग उरलं काय? फोनवर म्हणाला, "ताई, तुमची जमीनच दमट आहे, त्याला आम्ही काय करणार?" त्यानंतर फोन उचलणं बंद. पैसे द्यायचे बाकी असते तर उचलला असता. अर्धे आगाऊ दिले होते आणि उरलेले थर टाकला त्याच संध्याकाळी, ओल्या दगडाच्या रंगावर भाळून.

दुसरा एक म्हातारा कारागीर बघायला आला. त्यानं उखडलेल्या जागी, उघड्या काँक्रीटवर बाटलीतलं चमचाभर पाणी सांडलं. गोल थेंब झाले, अळवावरचं पाणी जसं. जमीन पाणी पीत नाही तर सिमेंट कशी पिणार, एवढंच म्हणाला. मग दीड फूट चौरस प्लॅस्टिक चारही बाजूंनी टेपनं घट्ट चिकटवून गेला आणि दुसऱ्या दिवशी परत आला. आतून दव धरलं होतं. म्हणजे जमीन दमट होती हे खरं. पण ते थर टाकायच्या आधी बघायचं असतं, आणि त्याला लागतं काय, एक प्लॅस्टिकचा तुकडा आणि एक रात्र.

त्याच्याशी आता ठरवताना मी रंग शेवटी विचारला. आधी लिहून घेतलं की आख्खी जमीन मशीननं घासून खरखरीत करायची, कुठल्या मशीननं तेही. नमुना फळीवर नको, माझ्याच जमिनीवर, तोही तेलाच्या डागाजवळ. तो पंधरा दिवस राहू द्यायचा आणि मग छिन्नीनं उपटून बघायचा. खाचा पुन्हा कापायच्या. शेवटचा मोठा हप्ता पहिला पाऊस होऊन गेल्यावर. त्यानं एकाही गोष्टीला तोंड वाकडं केलं नाही. उलट म्हणाला, पुढच्या पट्ट्यात एका कोपऱ्यात स्लॅबच खचलाय, तिथं वरून काहीही लावलं तरी तडा येणार, तेवढा फोडूनच करावा लागेल. काम वाढतंय हे ऐकूनही मला बरं वाटलं, हे कुणाला सांगू?

पुढचा पट्टा आता उघडा आहे, घासून झालाय. मागच्या अंगणाची पाळी यायचीय. तिथं बाबांनी पोकळ जागांभोवती खडूनं गोल काढून ठेवलेत. दर रविवारी काठीनं वाजवून बघतात आणि जिथं आवाज बदलला तिथं जुन्या गोलाबाहेर नवा गोल काढतात. गेल्या रविवारी दोन गोल एकमेकांना जाऊन मिळाले.